सादळरावाची शिकस्त आणि गऱ्यांच्या पिशवीची मोहोर

श्रीअन्नपूर्णा समर्थ. चूल पेटती असो, डबा भरला असो, ऐकणाराचे दात शाबूत असोत. साहेबी आज्ञा केली की, त्या राज्यात फणसाच्या तळल्या गऱ्यांपायी मोठे रण माजले आणि अखेरीस एका पिशवीचे तोंड बंद होऊन फत्ते जाहली, ती हकीकत कैसी ते साद्यंत लिहून पाठवणे. आज्ञेप्रमाणे लिहिले आहे. खरे जितके सापडले तितके सर्व घातले, वरून घातले ते केवळ चवीपुरते. राज्याचे नाव कळवू नये असा थोरल्या बाईसाहेबांचा हुकूम, सबब कळवले नाही. ज्यांस कळायचे त्यांस नुसत्या वासाने कळेल.

शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, ते समयी समुद्राकाठी एक राज्य नांदत होते. पूर्वेस विहीर, पश्चिमेस पडवी, दक्षिणेस खासा फणस, आणि उत्तरेस शेजाऱ्यांचे कुंपण, जे दर साली वीतभर अलीकडे सरकते आणि कोणी सरकवले ते कोणासच ठाऊक नसते. राजधानी म्हणजे स्वयंपाकघर, आणि तेथील गादीवर मनोरमाबाईसाहेब विराजमान होत्या. यजमान विश्वनाथपंत हे नावाचे राजे; आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचावे आणि विचारल्यावाचून सल्ला द्यावा, इतकाच त्यांचा अंमल. चिरंजीव चाकरीनिमित्त जहाजावर, आणि सूनबाई मैथिली या वरच्या मुलखात, विजेच्या दिव्याखाली वाढलेल्या, नुकत्याच राज्यात दाखल जाहलेल्या. गादीचे चिन्ह एकच, ती लोखंडी कढई, ऐसी थोर की तीत मूल निजवावे. दर गणेशचतुर्थीस भाऊबंदांच्या साऱ्या शाखा या घरी जमत, आणि बाईसाहेबांच्या हातचे गरे देवापुढे ठेवून मग पंगतीत वाटले जात. यास तळणाचा मान म्हणत. ज्याचा तळणाचा मान त्याचे स्वयंपाकघर, आणि ज्याचे स्वयंपाकघर त्याचे राज्य, हे त्या मुलखात लहान पोरही जाणत होते. गऱ्यास कसोटी एकच होती. गरा वाजला पाहिजे. चव, रंग, मीठ हे सारे नंतर. आधी दाताखाली आवाज.

परंतु मागल्या साली दरबारात आक्रीत जाहले. धाकट्या जाऊबाई शैलजाबाई घाटावरल्या थोर शहरी राहत असत, त्या चतुर्थीस आल्या, पंगतीत बसल्या आणि त्यांनी गरा उचलून दाताखाली धरिला, तो काही आवाजच निघेना. सारी पंगत कान देऊन बसली. शैलजाबाईंनी तो गरा तोंडातून काढून बोटाभोवती वाकविला, तो कडाकड मोडावा की नाही, तर मऊ वळून बोटात बसला. मग त्यांनी हात वर करून चहूंकडे दाखविला आणि म्हणाल्या, "ताई, अंगठी छान केलीत हो. माझ्याच मापाची." पंगत हसली. हसता हसता शैलजाबाई मायेने बोलल्या की, ताईंनी आता किती दिवस कढईशी बसावे, डोळ्यांस दिसत नाही, गुडघे धरतात, आमच्या शहरी दुकानात गऱ्यांची चकचकीत पाकिटे मिळतात, पुढल्या सालापासून तीच आणू, आणि ती कढई माळ्यावर टाकावी, जागा तरी मोकळी होईल. यात वैर काही नव्हते, हेच वाईट होते. वैराला उत्तर देता येते, मायेला देता येत नाही. बाईसाहेबांनी पंतांकडे पाहिले, तो पंत पानातली कोशिंबीर न्याहाळीत होते. तेव्हा बाईसाहेब धिमेपणी बोलल्या, "शैलजा, पुढल्या चतुर्थीस माझा गरा वाजला नाही, तर कढई मीच माळ्यावर ठेवीन. कोणी हात लावायला नको." ऐसा पण जाहला. आणि त्या दिवसापासून मनोरमाबाईसाहेबांस कढई दिसली की प्रथम माळा दिसू लागला.

मग वैशाख आला आणि मोहिमेस आरंभ जाहला. खाशा फणसावरून कापे फणस उतरविले, हातांस तेल चोपडले, आणि चीक उडत असता बाईसाहेबांनी आपल्या हाते गरे चिरले. मैथिलीबाई मदतीस बसल्या, त्यांच्या केसांस चीक लागून वेणीची दोरी जाहली, तरी उठल्या नाहीत. खोबरेल तेल कढईत तापले, गरे पडले, आणि ऐन वेळ साधून बाईसाहेबांनी मिठाचे पाणी त्या उकळत्या तेलात शिंपडले, तेव्हा जो चरचराट उठला त्याने विहिरीवरले कावळे उडाले आणि शेजारी दोन पावले मागे हटले, कुंपण मात्र हटले नाही. गरे निघाले ते सोन्याच्या पत्र्यासारखे. एक मोडून पाहिला, तो ऐसा वाजला की पंत म्हणाले, "कोण आलंय दारात बघा." बाईसाहेबांस संतोष जाहला. पत्र्याचे डबे भरले, आणि एक लहान डबा निवडक गऱ्यांचा वेगळा काढून, जुन्या रिवाजाप्रमाणे त्याचे झाकण भिजल्या कणकेने लिंपून, फळीच्या टोकास ठेवून दिला.

ऐसियास पंतांनी पंचांग उघडिले आणि खुर्चीतूनच वर्तमान सांगितले की यंदा अधिक मास आहे, श्रावण दोन आहेत, गणपती महिनाभर उशिरा. बाईसाहेबांचा हात जागीच थांबला. म्हणाल्या, "दोन कशाला? एक पुरतो की." परंतु पंचांगाशी कोणाचे काय चालते. आणि हे वर्तमान गनिमासही पोहोचले. गनीम कोण म्हणाल, तर सादळराव. यास घोडा नाही, हत्ती नाही, तोफ नाही; दक्षिणेकडून ढगांवर बसून येतो आणि भिंतींतून, कुलुपांतून, झाकणाच्या फटीतून शिरतो. त्याची चाहूल लागताच काडेपेटी ओढून पेटत नाही, मिठास पाझर फुटतो, दाराच्या फळ्या फुगून दार लागत नाही आणि लागलेले उघडत नाही, वर्तमानपत्र हातात धरिले तर माना टाकते, आणि पंतांचे धोतर दोरीवर चार दिवस वाळत राहून अखेरीस ओलेच नेसावे लागते. त्या साली तर असे सांगतात की, पडवीत ठेवलेल्या छत्रीलाच सर्दी जाहली. या सादळरावास दुसरा श्रावण फुकट मिळाला, मग काय पाहावे. त्याने ज्येष्ठातच मोर्चे लावले.

इकडे मैथिलीबाईंनी मसलत दिली की, आई, पत्र्याच्या डब्यांचा काळ गेला, पिशव्या पाहिजेत, हवा आत जाता कामा नये. त्यांनी भ्रमणध्वनीवरून हुकूम सोडला आणि परमुलखातून चिमटीने बंद होणाऱ्या पिशव्यांची पलटण आली, गोरीपान, अंगावर निळी रेघ, चिमटीत धरून ओढली की तोंड मिटते. बाईसाहेबांनी गरे भरले आणि मोठ्या भरवशाने रेघ ओढली. आठवडा सरला न सरला तो गरा काढून पाहिला, मऊ. मैथिलीबाईंनी बारकाईने पाहिले, तो रेघेत मिठाचा एक कण अडकला होता आणि तेवढ्या वाटेने सादळराव सहकुटुंब आत जाऊन बसला होता. मग रबरांचे पेंढारी धाडले. ते पावसाळी हवेत चिकट होऊन फितूर जाहले. मग वाळवणाचे लाकडी चिमटे गारदी म्हणून उभे केले. ते आपसांत टकरा घेत राहिले आणि मधून वारा येत राहिला. मग सुतळीने गळे आवळले, पिशवीत पिशवी घातली, तांदळाच्या कणगीत पुरली, फ्रिजात ठेविली, तेथून काढिताच तिला दरदरून घाम फुटला आणि गरे जागीच गार पडले. एकामागून एक डबा पडत गेला. मैथिलीबाई भीत भीत म्हणाल्या की, आई, पुन्हा कढईत घालून परतून घेऊ, पुन्हा वाजतील. तेव्हा बाईसाहेब बोलल्या की, एकदा वाजतो तो गरा, दुसऱ्यांदा वाजवावा लागतो ते सोंग, आणि शिळ्या तेलाचा वास शैलजाला उंबऱ्यातच येईल. सादळलेले गरे पंतांनी चहात बुडवून खाल्ले आणि हेही वाईट लागत नाहीत म्हणाले, त्यावरून त्या दिवशी त्यांस दुसरा चहा मिळाला नाही.

उरला तो कणकेने लिंपलेला एक लहान डबा. बाईसाहेब येता जाता त्याकडे पाहात, जशी किल्ल्यावरून अखेरच्या बुरुजाकडे नजर जावी. फणसाचा हंगाम तर केव्हाच सरला, झाडावर पानांवाचून काही नाही. आणि दुसऱ्या श्रावणात एके दुपारी मैथिलीबाई फळी पुसावयास गेल्या तो काय पाहतात, कणकेस हिरवी बुरशी येऊन लिंपण गळून पडले आहे आणि झाकण एका बाजूने उचलले आहे. त्यांनी हाक मारली. बाईसाहेब धावत आल्या, झाकण काढून गरा उचलून मोडिला, तो अद्याप वाजत होता. वाजला खरा, पण जरा खोल आवाजात, जसा घसा बसू लागलेला मनुष्य बोलतो. आता घटकाभर उघडा राहिला तर आटोपले. बाहेर ढग ऐसे दाटले होते की दुपारी घरात दिसेना, वीज गेली ती सकाळपासून गेलेली, आणि सादळराव खिडकीच्या गजांस तोंड लावून उभा. बाईसाहेब पाटावर बसल्या आणि प्रथमच बोलल्या की, "झालं आता. माळ्यावरची जागा झाडून घे, मैथिली."

तेव्हा आरामखुर्चीतून पंत बोलिले. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी फार सल्ले दिले आणि त्यांतील कामास आलेला हा एकच, म्हणोन येथे नमूद करावा लागतो. म्हणाले की, आमच्या तालुक्याच्या बाजारात फरसाणवाला पिशव्या बंद करी, तो लोखंड कापायच्या करवतीची दोन पाती घेई, त्यांत पिशवीचे तोंड धरी, केसाइतके प्लास्टिक बाहेर ठेवी आणि मेणबत्तीवरून फिरवी, मग ते वितळून सांधले जाई, मरेतो उघडत नसे. बाईसाहेब म्हणाल्या, "हे तुम्ही आज सांगताय?" पंत म्हणाले, "आज विचारलंत." वास्तविक आजही कोणी विचारले नव्हते. परंतु ती वेळ भांडणाची नव्हे. पंतांच्या हत्यारपेटीतून पाती निघाली, मैथिलीबाईंनी ती घासून पुसून लख्ख केली. मेणबत्त्या तर वीज जाऊन जाऊन संपल्या होत्या, म्हणोन देवघरातले निरांजन आणिले, त्यात तूप घातले, वात लाविली. निवडक गरे एका नव्या जाड पिशवीत भरले, आतली हवा हलक्या हाताने दाबून काढिली. बाईसाहेबांनी पोळपाट पुढ्यात घेतला, दोन्ही पात्यांत पिशवीचा गळा धरिला, आणि पंत वर्तमानपत्रासह खुर्ची पुढे ओढून सेनापतीसारखे बसले. मैथिलीबाईंनी निरांजन धरिले.

पहिला फेरा नीट गेला. प्लास्टिकाची कड चुरचुरत वळली आणि मोत्याच्या दोऱ्यासारखी बारीक शिवण उठली. कोपऱ्यात जरा राहिले होते, तेथे पुन्हा फिरविले, तेही मिटले. बाईसाहेबांनी दम सोडला. काम जाहले, आता पाती दूर करावी, परंतु ज्योत हाताशी जळत आहे, आधी ती शांत करावी, म्हणोन त्यांनी मान वर न करता सांगितले, "मैथिली, दिवा वाढव आता." मैथिलीबाई आज्ञाधारक. त्यांनी काडीने वात पुढे सारिली आणि वर चमचाभर तूप ओतिले. ज्योत जी उसळली ती नागासारखी उभी राहिली, पात्यांस कवटाळून वर चढली, आणि तीच मोत्याची शिवण धरून पिशवीचे तोंड पेटले.

मोठी गडबड उडाली. पंतांनी जन्मात प्रथमच वर्तमानपत्र खाली ठेविले, ते ठेविले ते थेट पिशवीच्या तोंडावर, थाडकन. ज्योत दबली, निरांजन कलंडून विझले. मैथिलीबाई म्हणाल्या, "आई, सोडा, हात भाजेल." बाईसाहेब म्हणाल्या, "सोडायला धरलंय का मी?" आणि त्या वाघिणीने तापलेली पाती न टाकता, पदर गुंडाळून, वर्तमानपत्राच्या वरूनच जळल्या तोंडाच्या खाली आडवी दाबली, पोळपाटावर, सारे अंग घालून. दूध उतू जाण्याआधी बायका जशा श्वास धरून उभ्या राहतात, तैसे तिघेही राहिले. खिडकीत सादळरावही थबकला असावा, कारण त्या घटकेस वाराही पडला होता. मग हळूच कागद सोलून काढिला, आणि पाहतात तो जळकी कड वर राहिली आहे, आणि तिच्या खाली बोटभर रुंद, सरळ, सपाट पट्टी एकजीव होऊन बसली आहे, जैशी दरबाराच्या थैलीवर लाखेची मोहोर. वर्तमानपत्राची काळी शाई थोडी उमटून तिच्यावर काही डाग पडले होते, तिकडे कोणी लक्ष दिले नाही. पिशवी पाण्याच्या बादलीत दाबून धरिली. एक बुडबुडा नाही. उलटी केली, पिळली, पंतांनी उशीसारखी डोक्याखालीही घेऊन पाहिली. तिने हवा म्हणून सोडली नाही. पहिली बारीक शिवण ज्योतीने केली होती, ती दोन दिवसांत दगा देती. ही तापल्या लोखंडाने कागदाआडून केली, हिच्यापुढे चिमटीवाली परदेशी पलटण पाणी भरू लागली.

मग मैथिलीबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "आई, तुम्हीच म्हणालात वाढव." बाईसाहेब म्हणाल्या, "अगं, दिवा वाढव म्हणजे विझव." "मग विझव म्हणायचं ना." "दिव्याला कोणी विझव म्हणतं का? घरातला दिवा तो." मैथिलीबाई म्हणाल्या, "आणि पानात भात वाढ म्हणता, तेव्हा मी काय करायचं?" यावर पंत हसले ते ऐसे हसले की खुर्चीचा वेत तुटला. बाईसाहेब प्रथम रागे भरू पाहात होत्या, परंतु हाताखाली ती घट्ट पिशवी होती, तीवर त्यांची बोटे फिरत होती, आणि त्यांच्या ध्यानात आले की या मुलीने दिवा विझविला असता तर पाती तापती ना. म्हणाल्या, "वाढवलास ते बरं केलंस. पण पुन्हा वाढव म्हटलं की विझव हो."

पिशवी आढ्याच्या कडीस टांगिली. आता खरा वेढा. सादळरावाने सर्व सैन्यानिशी एल्गार केला, रात्रंदिवस पाऊस कोसळला, भिंतींस शेवाळ आले, पंतांच्या चष्म्याच्या घरात अळंबी उगवली असे सांगतात. परंतु बाईसाहेबांस दुसरीच चिंता लागली. आतले गरे कैसे आहेत हे उघडल्यावाचून कळेना, आणि उघडिले तर पण हरलाच. त्या रोज पाट घेऊन पिशवीखाली बसत, हात उंच करून अंगठ्याने हलकेच दाबीत आणि कान देत. कधी आतून कुरकुर ऐकू येई, कधी नुसते प्लास्टिकच बोलल्यासारखे वाटे. मैथिलीबाईंस बोलावून विचारीत की, तुला काय ऐकू आलं, आणि मैथिलीबाई म्हणत वाजलं, आणि बाईसाहेब म्हणत की तू काय, मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस.

चतुर्थीचा दिवस उगवला. मखरात गणपती बसले, भाऊबंद जमले, आणि शैलजाबाईंची स्वारी आली. त्यांनी आपल्या थैलीतून शहरी दुकानाची पाकिटे काढून फळीवर रचिली आणि हळूच म्हणाल्या की, असू देत, ताई, वेळेला हाताशी. बाईसाहेबांनी कडीवरून पिशवी काढिली आणि शैलजाबाईंच्याच हाती दिली की, तूच फोड. शैलजाबाईंनी तोंड धरून ओढिले, उघडेना. नखे लाविली, नखे वाकली. दात लाविले, मग दात जपून पिशवी आपल्या जावईबापूंकडे दिली. ते तालमीत जाणारे, त्यांनी गुडघ्यात धरून ओढिली, तो मनगटांच्या शिरा उभ्या राहिल्या आणि पिशवी जशीच्या तशी. हातोहात ती साऱ्या पंगतीतून फिरली, जणू शिवधनुष्य. अखेरीस पंतांनी अडकित्ता पुढे केला. कोपरा कातरिला, तो आतून फस्स करून हवा सुटली, आणि त्या हवेस वैशाखाच्या कढईचा वास होता.

शैलजाबाईंनी गरा घेतला. बाईसाहेबांनी पदराचे टोक मुठीत आवळून धरिले होते. शैलजाबाईंनी दात लाविले. तो आवाज जो जाहला त्याचे वर्णन कैसे करावे. मखरावरला उंदीर हलला म्हणतात, गोठ्यातली गाय उठून उभी राहिली, आणि तिकडे कुंपणापलीकडून शेजारी ओरडले की, नारळ पडला तो आमच्या हद्दीत पडला. बाईसाहेबांच्या मुठीतून पदर सुटला. परंतु तोच शैलजाबाईंनी पिशवी उजेडाकडे धरिली, तोंडाची ती सपाट पट्टी पाहिली, तीवरली काळी बारीक अक्षरे पाहिली, आणि मंद हसून म्हणाल्या, "ताई, पाकीटच आणलंत की शेवटी. बरं केलंत. कुठल्या कंपनीचं हे? छापलंय काहीतरी." पंगतीत कुजबूज उठली. कोणी म्हणाले, खरेच, घरची पिशवी ऐशी कोठे असते. बाईसाहेबांचे तोंड उतरले. गरा वाजला, तरी मान गेलाच, आणि वर लबाडीचा बोल लागला. मैथिलीबाई तरातरा पुढे आल्या, पाती, निरांजन, पोळपाट सारे सांगू लागल्या, पण सासूची बाजू सून घेते यावर कोण भरवसा ठेवतो, हे तर कोठे घडतच नाही.

तेव्हा बाईसाहेबांनीच पिशवी मागून घेतली. अक्षरे त्यांस दिसत नव्हती, परंतु ती उलटी असणार हे त्यांस उमजले, कारण कागद वरून दाबिला होता. मखरात शोभेचा आरसा लाविला होता, त्यांनी पट्टी त्या आरशापुढे धरिली आणि म्हणाल्या, "ये, शैलजा. कंपनीचं नाव तूच वाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं." शैलजाबाई पुढे जाहल्या, डोळे बारीक करून आरशात पाहू लागल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या, "शेळी... हरवली... आहे." पंगत चकित. त्या पुढे वाचत्या जाहल्या, "पांढरी... डावा कान... काळा... कळविणारास..." आणि पुढे त्यांस वाचवेना, कारण त्या स्वतःच हसू लागल्या होत्या. पंत घाईने बोलिले की, तिकडल्या वाडीतली ती, आमच्या वर्तमानपत्रात आली होती, सापडली ती शेळी मागेच. तेव्हा पंगतीत जो हशा उसळला त्याने मखराची पताका तुटली. गऱ्याच्या पाकिटावर हरवली शेळी छापणारी कंपनी अद्याप पृथ्वीवर निघालेली नाही, हे साऱ्यांस पटले. गऱ्यांची ताटली फिरली, कडाकड वाजत फिरली, आणि शहरी पाकिटांस फळीवरून कोणी खालीही उतरविले नाही.

जेवणे आटोपल्यावर शैलजाबाई स्वयंपाकघरी आल्या. कढई पालथी घालून ठेविली होती, तिच्याजवळ उभ्या राहिल्या. घराकडे नेण्यासाठी थोडे गरे त्यांनी मागितले, आणि घाट चढेतो टिकावे म्हणून पिशवीचे तोंड तैसेच लावून द्यावे अशी विनंती केली. बाईसाहेबांनी पाती मागविली. गरे भरता भरता म्हणाल्या, "लावून देते. पण वैशाखात चार दिवस ये. फणस चिरायला मला माणूस हवं, आणि कढईपुढे दोघी मावतो." शैलजाबाई म्हणाल्या, "मला चीक बाधतो, ताई." "तेल लावीन तुझ्या हातांना," बाईसाहेब म्हणाल्या, आणि पाती तापवावयास घेतली. यास तह म्हणावा की काय ते जाणत्यांनी ठरवावे; लेखी कलमे जाहली नाहीत.

तात्पर्य, त्या साली सादळराव दोन श्रावण घेऊन चालून आला आणि एका बोटभर पट्टीपुढे हात हलवीत परत गेला. तळणाचा मान मनोरमाबाईसाहेबांकडे कायम राहिला, कढई जमिनीवर राहिली, माळ्यावर धूळ राहिली. शब्द एक, अर्थ दोन, त्यामुळे आग लागली आणि आगीमुळे फत्ते जाहली, ऐसे क्वचितच घडते, म्हणोन लिहून ठेविले. ऐकणारांस गरे मिळोत आणि ते वाजोत. कागद सरला, येथे हकीकतीचे तोंड मिटले, हवा आत जाऊ देऊ नये, ही विज्ञापना.